अडीच फुटी

रविवारी आम्ही सात जण जमतो.
सहा, खरं तर. पायगोंडा म्हशींच्या धारा उरकून आला
की सात.
मिरजेहून सलगऱ्याच्या वाटेवर
तांबोळ्यांच्या भंगाराच्या शेडात ती उभी आहे.
दोन रुळांत अंतर अडीच फूट.
माझी बायको म्हणते, बाथरूमच्या दाराएवढी गाडी.

नाव नाही तिला. नंबर होता,
त्याची पितळी पाटी कुणीतरी कधीच वितळवली.
चिमणीत साळुंक्यांची तीन घरटी निघाली,
फायरबॉक्समध्ये एक चप्पल, डाव्या पायाची.
तीही ठेवलीय. रजिस्टरात नोंद आहे,
अनुक्रमांक एकोणतीस.

लोक विचारतात, मिळतं काय?
जिल्हा बँकेत चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं व्याज काढलं,
मला हा हिशोब मांडता यायला हवा.
जमेला गंज, खरवडून निघालेला, सव्वा पोतं.
रूळ दोनशे फूट;
त्यातला चाळीस फूट एका शेळ्यांच्या गोठ्याचं आढं होता.
मालकाला बदली अँगल दिले,
वर एक पाट, दुभत्या आईची.
आणि बॉयलरखाली उताणी शिरलेली
आयटीआयची रूपाली मगदूम.
बाहेर तिचे फक्त बूट दिसतात, आणि आवाज येतो,
"काका, सोळा नंबर पाना. सोळा म्हणाले, अठरा नव्हे."
असं मला कधी मॅनेजरही बोलला नव्हता.
बरं वाटतं.

फाल्गुनात इन्स्पेक्टर आले.
छोट्या हातोडीनं तिच्या पोटावर ठोकत गेले
टण, टण, टण,
आणि एका जागी
थप्प.
पत्रा झिजलाय, म्हणाले. हिच्यात वाफ धरायची नाही.
सही करताना त्यांचा हात जरा रेंगाळला,
किंवा पेन चालत नसेल.

त्या रविवारी पान्याला कुणी हात लावला नाही.
भडंग आणलं होतं, ते तसंच मऊ पडलं.
मग पायगोंडा,
जो महिन्यातून एकदा बोलतो, तो बोलला,
"आमच्यात हळद शिजवायचा बॉयलर हाय की.
वाफ ती वाफच. हिची काय, तिची काय."

दिग्रजहून ट्रॅक्टरमागे तो आला,
अंगभर पिवळा, लग्नाला निघाल्यासारखा.
जाळाला छाटणीच्या द्राक्षकाड्या,
आणि जाड नळी थेट शिट्टीला.
गावातून हाजीलालभाई शिकलगरांना आणलं,
तंबोऱ्यांची जवारी काढणारे.
पोरवयात, असल्याच शिट्टीवर
दुकानात सकाळची पहिली तार लावायचे म्हणे.
खुर्ची नको म्हणाले. उभे राहिले.

रूपालीनं साखळी ओढली.
आधी पाणी खोकलं, मग गंज,
मग शेडातली कबुतरं एकदम गेली
आणि डांबरी रस्त्यावर एक मोटारसायकलवाला
करकचून थांबला,
इकडंतिकडं बघत, फाटक शोधत,
जिथं पंधरा वर्षं फाटक नाही.

हाजीलालभाईंनी डोळे उघडले नाहीत.
"काळी चार होती," म्हणाले,
"पांढरी पाचावर आलीय.
वय झालं की उतरतो."
कुणाचा, ते आम्ही विचारलं नाही.

मग तिला ढकललं.
पहारींनी चाकं सुटी केली, मोटारसायकलवालाही लागला,
इन्स्पेक्टरांच्या कागदात ढकलण्याबद्दल काही नव्हतं.
दोनशे फूट, बाभळीपर्यंत.
परत आणायला सगळी दुपार गेली;
चढ आहे तिथं, डोळ्यांना दिसत नाही,
खांद्याला कळतो.

रजिस्टरात मी लिहिलं:
प्रवास, दोनशे फूट. वाफ, उसनी.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना,
तिथं माझ्या अंगठ्याचं तेल उमटलंय.

येणार असाल तर पुढच्या रविवारी
चिंध्या घेऊन या. सुती.
टेरिकॉट तेल पीत नाही.